मोल्सवर्थ: एका खेड्याचे नाव आडनाव कसे झाले

मराठी-इंग्रजी कोशामुळे मोल्सवर्थ हे नाव आपल्याकडे अभ्यासकांच्या तोंडी आहे, परंतु प्रत्यक्ष इंग्लंडमध्ये हे आडनाव क्वचितच भेटते. प्रश्नकर्त्याने त्याविषयी तीन गोष्टी विचारल्या आहेत: या आडनावाचा अर्थ काय, ते किती जुने आहे, आणि कोशकार जेम्स टॉमस मोल्सवर्थ, ब्रिटिश मंत्री सर विल्यम मोल्सवर्थ व आयर्लंडचे व्हायकाउंट (हा सरदारांचा एक किताब) मोल्सवर्थ यांना एकाच घराण्यातले मानावे काय. सोबत एक तर्कही मांडला आहे, तो असा की ‘मोल’ म्हणजे जमिनीखाली बिळे करून राहणारा तो छोटा प्राणी आणि ‘वर्थ’ म्हणजे किंमत, तेव्हा या प्राण्यांची कातडी विकणाऱ्याचे हे आडनाव असावे. तर्क चतुर आहे, पण तो टिकत नाही. तो का टिकत नाही हे पाहताना या नावाचा बराचसा इतिहास आपोआप उलगडतो.

मोल्सवर्थ हे मुळात एका खेड्याचे नाव आहे. इंग्लंडच्या पूर्व भागातील हंटिंग्डनशायर या जुन्या परगण्याच्या पश्चिम टोकाला, नॉर्दॅम्प्टनशायरच्या सीमेजवळ, हे गाव आजही आहे. १९७४ पासून हा सगळा परगणा केंब्रिजशायरमध्ये मोडतो, त्यामुळे नव्या नकाशात पाहणाऱ्याने केंब्रिजशायरमध्ये शोधावे आणि जुन्या कागदांत हंटिंग्डनशायरखाली. गाव लहान आहे. तेथे सेंट पीटरचे मध्ययुगीन चर्च असून त्याच्या भिंतीवर संत ख्रिस्तोफर आणि संत अँथनी यांची जुनी चित्रे टिकून आहेत. नॉर्मंडीहून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाने १०८६ मध्ये करविलेल्या डूम्सडे या महसुली पाहणीत या गावाची नोंद ‘मोलेसवोर्दे’ अशी आहे. आपल्या कामाच्या दृष्टीने ही नोंद सर्वांत मोलाची आहे, कारण आडनावाच्या शोधात अर्थाचा अंदाज करण्याआधी सर्वांत जुने लेखन हाताशी असावे लागते. आजच्या रूपावरून अर्थ लावणे म्हणजे घसरडीवर पाय ठेवणे आहे.

आता या नोंदीचे तुकडे पाहू. शेवटचा ‘वोर्दे’ म्हणजे जुन्या इंग्रजीतील ‘वोर्थ’. त्याचा अर्थ कुंपण घातलेली जागा, आणि त्यावरून आवार किंवा वस्ती. डूम्सडेच्या कारकुनांना लॅटिन आणि नॉर्मन फ्रेंच लिहिण्याची सवय होती, इंग्रजीतील ‘थ’ हा ध्वनी त्यांच्या लेखनाच्या सवयीत बसत नसे, म्हणून त्यांनी तेथे ‘द’ लिहिला. किंमत या अर्थाचा ‘वर्थ’ हा जुन्या इंग्रजीतही अगदी वेगळा शब्द होता आणि त्याचा स्वरही वेगळा होता. पुढे शतकांच्या ओघात दोन्ही शब्द घासून सारखे दिसू लागले, एवढेच. वोर्थने संपणारी गावे इंग्लंडभर विखुरलेली आहेत. लंडनमधील वॉन्ड्सवर्थ हे वेन्डेल नावाच्या माणसाचे आवार, तर वॉरिकशायरमधील केनिलवर्थ हे किनहिल्ड नावाच्या स्त्रीचे. आपण शाळेत ज्याच्या कविता वाचल्या त्या वर्ड्सवर्थचे आडनावही याच जातीचे असून त्याचा माग यॉर्कशायरमधील वॉड्सवर्थ या गावापर्यंत जातो. त्या कवीच्या आडनावात ‘शब्दांची किंमत’ शोधणारे लोक मला अनेकदा भेटतात. मोल्सवर्थमध्ये ‘मोल’ शोधणारेही त्याच वाटेने जातात, आणि मराठीत मोल म्हणजे किंमत हाच अर्थ असल्यामुळे आपल्याला तो मोह दुप्पट होतो.

मधला ‘एस’ हा जुन्या इंग्रजीतील षष्ठीचा प्रत्यय आहे, आपल्या ‘चा-ची-चे’सारखा. म्हणजे ‘मोल’ कोणाचा तरी असला पाहिजे, आणि वोर्थच्या आधी षष्ठी आली की तेथे बहुधा माणसाचे नाव असते. स्थळनामांच्या अभ्यासकांनी हे नाव ‘मूल’ असे ठरविले आहे, ‘मू’ दीर्घ. मूलचे आवार, ते मोल्सवर्थ. मूल नावाची माणसे खरोखर होती काय, अशी शंका येथे कोणी घेईल, तर त्याचे उत्तर इतिहासातच आहे. वेसेक्स या जुन्या इंग्रज राज्याचा राजा कॅडवाला याचा भाऊ मूल हा शेजारच्या केंट राज्यात काही काळ सत्तेवर होता आणि ६८७ मध्ये केंटच्या लोकांनी त्याला जाळून मारले, अशी नोंद अँग्लो-सॅक्सन बखरीत आहे. ६९४ मध्ये केंटच्या लोकांनी वेसेक्सचा पुढचा राजा इनी याच्याशी समेट केला आणि मूलला जाळल्याबद्दल मोठी भरपाई दिली, हेही त्याच बखरीत सांगितले आहे. हा राजपुत्र मूल आणि हंटिंग्डनशायरमधील आवाराचा मालक मूल यांचा काही संबंध होता, असे मात्र मी मुळीच म्हणत नाही. नाव चालत होते, इतकेच त्यावरून सिद्ध होते. जुन्या इंग्रजीत ‘मूल’ म्हणजे खेचर, आणि हे नाव टोपणनावातून आले असावे असे मानतात. मिश्र कुळातल्या माणसाला तसे म्हणत असतील, असाही एक अंदाज मांडला जातो.

मग बिळे करणाऱ्या प्राण्याचे काय? त्या प्राण्याला ‘मोल’ म्हणण्याचा प्रघात इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या सुमारास दिसू लागतो. जुन्या इंग्रजीत त्याला ‘वांड’ म्हणत आणि मध्ययुगात ‘मोल्डवार्प’, म्हणजे माती उपसणारा. गावाचे नाव १०८६ मध्ये लिहिले गेले आणि प्राण्याचे आजचे नाव त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी प्रचारात आले, तेव्हा दुसऱ्यावरून पहिले पडणे शक्य नाही. कालक्रमाची ही एक कसोटी लावली तरी आडनावांविषयीच्या निम्म्या दंतकथा गळून पडतात.

एक प्रश्न उरतो, की मूलचे मोल कसे झाले. मध्ययुगीन लिपीत ‘यू’, ‘एन’, ‘एम’, ‘आय’ ही अक्षरे आखूड उभ्या रेघांची बनत. ‘एम’च्या तीन रेघा आणि लगेच ‘यू’च्या दोन अशा पाच सारख्या रेघा ओळीने आल्या की वाचणाऱ्याला कोणते अक्षर कोठे संपते ते कळत नसे, म्हणून लेखनिक अशा जागी ‘यू’ऐवजी ‘ओ’ लिहीत. मुलगा या अर्थाचा शब्द जुन्या इंग्रजीत ‘सुनु’ होता आणि साधू या अर्थाचा ‘मुनुक’. दोन्ही आज ‘ओ’ने लिहिले जातात ते याच सवयीने, आणि त्यांचा उच्चार मात्र ‘सन’ व ‘मंक’ असा जुन्या स्वराला धरून राहिला आहे. मोल्सवर्थच्या बाबतीत उलटे घडले: लेखन जिंकले आणि उच्चारही ‘ओ’चा झाला. आजचे इंग्रज हे नाव ‘मोल्झवर्थ’ असे उच्चारतात.

येथेच एका गफलतीपासून सावध करतो. चेशायरमध्ये मोल्ड्सवर्थ नावाचे दुसरे गाव आहे. त्याच्या बाराव्या शतकातील लेखनात ‘मोल्द’ हा भाग स्पष्ट दिसतो आणि त्याचा संबंध टेकडीच्या माथ्याशी लावला जातो. त्या गावावरून पडलेले आडनाव आणि हंटिंग्डनशायरच्या गावावरून पडलेले आडनाव पुढे कागदोपत्री एकमेकांत सहज मिसळू शकतात, कारण मधला ‘ड’ उच्चारला गेला काय आणि नाही काय, कानाला फरक फारसा कळत नाही. म्हणून एखाद्या मोल्ड्सवर्थ पूर्वजाला उचलून मोल्सवर्थ घराण्यात बसविण्याआधी तो कोणत्या परगण्यातला हे पाहिलेच पाहिजे.

गावाचे नाव माणसाला कसे चिकटले, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. साताऱ्यात राहणाऱ्या सगळ्यांनाच सातारकर म्हणून काही साधत नाही. सातारा सोडून पुण्याला आलेल्या माणसाला सातारकर म्हटले की तो कोण ते कळते. इंग्लंडमध्येही हेच झाले. गाव सोडून गेलेल्याला, किंवा गावाची जहागिरी असलेल्याला, ते नाव लागले. फरक इतकाच की आपल्याकडे ‘कर’ हा प्रत्यय टिकला आणि तेथे तो भार ‘द’ या नॉर्मन शब्दयोगी अव्ययावर होता: ‘वॉल्टर द मोल्सवर्थ’, म्हणजे मोल्सवर्थचा वॉल्टर. चौदाव्या शतकात आणि त्यानंतर हा ‘द’ हळूहळू गळाला आणि गावाचे उघडे नाव हेच आडनाव झाले. नॉर्मन विजयानंतर सरदारांत सुरू झालेली वंशपरंपरागत आडनावांची चाल सर्वसामान्यांपर्यंत पोहोचायला तीनएकशे वर्षे लागली. इंग्लंडच्या दक्षिण व मध्य भागांत १४०० च्या सुमारास बहुतेक कुटुंबांची आडनावे स्थिर झाली होती. त्याआधीच्या कागदातील ‘द मोल्सवर्थ’ हे आडनावच आहे असे समजू नये. पुष्कळदा तो त्या माणसाचा निव्वळ पत्ता असतो आणि त्याच्या मुलाला वेगळेच नाव लागलेले सापडते. ज्या काळात मूल हा कोण होता हे कोणाला आठवत नव्हते, त्या काळात हे आडनाव जन्मले. म्हणून आडनावाचा ‘अर्थ’ विचारणाऱ्याला मी नेहमी सांगतो, की अर्थ गावाचा आहे आणि आडनाव म्हणजे त्या गावाची खूण आहे. पहिल्या मोल्सवर्थांना खेचराशी किंवा कुंपणाशी काही देणेघेणे नव्हते.

वर ज्याचे नाव घेतले तो वॉल्टर द मोल्सवर्थ प्रत्यक्ष होऊन गेला. पहिल्या एडवर्डच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षांत तो बेडफर्डशायर आणि बकिंगहॅमशायर या जोडपरगण्याचा शेरीफ, म्हणजे राजाचा तेथला मुख्य अधिकारी, होता. सरदार घराण्यांच्या छापील वंशावळींत घराण्याचा मूळपुरुष म्हणून त्यालाच मान दिलेला असतो आणि तो याच एडवर्डबरोबर, तो राजपुत्र असताना, १२७० च्या सुमारास क्रुसेडवर, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धावर, गेला होता, असे सांगितलेले असते. घराण्याच्या ढालीवर तांबड्या भूमीवर आठ सोनेरी क्रूस आहेत, ते याच यात्रेची आठवण म्हणून दाखविले जातात. शेरीफपदाला सरकारी दफ्तराचा आधार आहे. क्रुसेडची गोष्ट मात्र मी त्या पंक्तीला बसविणार नाही. एकोणिसाव्या शतकातील वंशावळकारांना आपल्या प्रत्येक यजमानाचा पूर्वज क्रुसेडवर पाठविण्याची हौस होती, आणि ढालीवरील क्रूस ही त्या काळी अगदी सर्रास आढळणारी खूण होती. कुळाच्या जुन्या कथांवर विश्वास ठेवू नये असे माझे म्हणणे नाही, पण प्रत्येक कथेला तिच्या काळातला एक तरी कागद मागावा.

सोळाव्या-सतराव्या शतकांत हे आडनाव कागदांवर वेगवेगळ्या रूपांत दिसते, आणि नवख्या शोधकांची दमछाक येथेच होते. या रूपांचे एक सुंदर उदाहरण आहे. १६३२ साली मार्था मोल्सवर्थ या विधवेने आपल्या वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी पंचावन्न द्विपदींचे आत्मवृत्त लिहिले. बहुधा कोणाही इंग्रज स्त्रीने लिहिलेल्या पहिल्या पद्य आत्मवृत्तांत त्याची गणना होते. पुरुषांसाठी आमच्याकडे दोन विद्यापीठे आहेत, बायकांसाठी एक तरी असते तर, असा उद्गार तिने त्यात काढला आहे. तिच्या आडनावात ‘ओ’च्या पुढे ‘यू’ आहे आणि ‘एल’नंतरचा ‘ई’ नाही. आजच्या लेखनावर अडून बसणारा संगणकीय शोध या बाईंना कधीच दाखविणार नाही. शिवाय हे आडनाव तिचे माहेरचे नव्हेच. तिची तीन लग्ने झाली आणि मोल्सवर्थ हे तिसऱ्या पतीचे नाव. तेव्हा एखाद्या विधवेच्या आडनावावरून तिच्या वडिलांचे कूळ शोधायला निघालेला माणूस येथे दोन नवऱ्यांनी चुकतो.

घराण्याच्या ज्या दोन शाखा पुढे नावारूपाला आल्या, त्यांतील थोरली कॉर्नवॉलची. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन मोल्सवर्थ हा कॉर्नवॉलच्या डचीच्या, म्हणजे तेथील राजघराण्याच्या जहागिरीच्या, कारभारासाठी तिकडे गेला आणि पेंकॅरो येथे घराणे स्थिरावले. त्याच्या वंशातील हेंडर मोल्सवर्थ जमेकात रॉयल आफ्रिकन कंपनीचा मुखत्यार होता. ही कंपनी गुलामांचा व्यापार करीत असे. १६८४ पासून काही वर्षे तो त्या बेटाचा प्रभारी गव्हर्नरही होता, आणि १६८९ मध्ये त्याला बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. घराण्याच्या वैभवाचा हा पाया कोणत्या धंद्यावर उभा होता, हे वंशावळीच्या पानावर सहसा लिहिलेले नसते. म्हणून ते येथे मुद्दाम नोंदवितो.

त्याच गादीवरचा आठवा बॅरोनेट सर विल्यम मोल्सवर्थ, १८१० ते १८५५. याने तत्त्वज्ञ हॉब्जचे समग्र ग्रंथ १८३९ ते १८४५ या काळात स्वतःच्या खर्चाने संपादून छापले आणि हॉब्ज वाचणाऱ्या पुढच्या अनेक पिढ्यांनी तीच आवृत्ती वापरली. संसदेत त्याने कैद्यांना ऑस्ट्रेलियात पाठविण्याच्या पद्धतीची चौकशी करणाऱ्या १८३७-३८ च्या समितीचे अध्यक्षपद सांभाळले आणि त्या पद्धतीविरुद्ध अतिशय कठोर अहवाल दिला. एका पिढीने गुलामांच्या व्यापारावर हात ओला केला आणि दीडशे वर्षांनी त्याच गादीवरच्या माणसाने सक्तीच्या श्रमाला गुलामगिरी म्हणून विरोध केला. ‘रक्ताचे गुण’ सांगणाऱ्या घराण्यांच्या इतिहासांना हे कसे पेलेल, मला ठाऊक नाही. १८५५ च्या जुलैत तो वसाहतमंत्री झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात वारला. पुढे या शाखेने सेंट ऑबिन घराण्याचा वारसा मिळाल्यावर जोडआडनाव घेतले, त्यामुळे तिचे वंशज आज मोल्सवर्थ-सेंट ऑबिन या नावाखाली शोधावे लागतात.

दुसरी शाखा आयर्लंडची. रॉबर्ट मोल्सवर्थ नावाचा गृहस्थ १६४० च्या दशकातील युद्धांच्या निमित्ताने आयर्लंडला गेला, तेथे त्याने जमीन आणि व्यापार मिळविला आणि १६५६ मध्ये तो वारला. त्याच वर्षी, बापाच्या मृत्यूनंतर, जन्मलेला मुलगा रॉबर्ट हा या आडनावाचा सर्वांत विचारी माणूस होय. तो १६८९ पासून १६९२ पर्यंत डेन्मार्कच्या दरबारी इंग्लंडचा वकील होता. परतल्यावर त्याने १६९४ मध्ये डेन्मार्कविषयी ग्रंथ लिहून, जनतेचे हक्क राजाच्या हाती सोपविले की एक राष्ट्र किती थोड्या वर्षांत मूक होते, हे दाखविले. डेन्मार्कचा दरबार संतापला आणि युरोपभर तो ग्रंथ वाचला गेला. १७१६ मध्ये तो स्वॉर्ड्सचा व्हायकाउंट मोल्सवर्थ झाला. १७२० मध्ये साउथ सी कंपनीचा फुगा फुटून हजारो लोक बुडाले. त्या वेळी रोमन लोक पितृघातक्यांना पोत्यात शिवून नदीत टाकीत तसे या संचालकांना थेम्समध्ये टाकावे, अशी मागणी त्याने संसदेत केली. स्वतः त्याचेही पैसे त्यात बुडाले होते.

त्याचा मुलगा रिचर्ड, पुढे तिसरा व्हायकाउंट, याची गोष्ट लष्करी इतिहासात सांगितली जाते. २३ मे १७०६ रोजी रामिली येथील लढाईत सेनापती मार्लबरो घोड्यावरून पडला आणि फ्रेंच स्वार अंगावर आले, तेव्हा सोबतच्या या तरुण अधिकाऱ्याने आपला घोडा त्याला देऊन त्याचा जीव वाचविला. थोड्या वेळाने मार्लबरोसाठी दुसरा घोडा आणला, तेव्हा रिकीब धरून उभ्या असलेल्या कर्नल ब्रिंगफील्डचे डोके तोफेच्या गोळ्याने उडाले. रिचर्ड मात्र दीर्घायुषी ठरला आणि फील्ड मार्शलच्या पदापर्यंत पोहोचला.

गावावरून माणसाला मिळालेले हे नाव पुढे माणसांवरून पुन्हा जागांना मिळाले. डब्लिनमधील मोल्सवर्थ स्ट्रीट हा रस्ता व्हायकाउंटांच्या जमिनीवर आखलेला आहे आणि तो सरळ लेन्स्टर हाउसच्या, म्हणजे आजच्या आयरिश संसदेच्या, समोर जाऊन मिळतो. न्यूझीलंडच्या वसाहतीत पेंकॅरोच्या मोल्सवर्थांचा हात होता. सर विल्यमचा भाऊ फ्रान्सिस तेथे जाऊन राहिला होता, आणि वेलिंग्टनमध्येही संसदेची इमारत मोल्सवर्थ स्ट्रीटवरच आहे. त्या देशातील सर्वांत मोठे पशुपालन क्षेत्र मोल्सवर्थ स्टेशन या नावाने ओळखले जाते. त्याचा विस्तार सुमारे १,८०,००० हेक्टर आहे आणि ते ज्या प्रांतात येते त्या प्रांताचे नाव, योगायोगाने, मार्लबरो. मूळ गावाला मात्र विसाव्या शतकात विमानतळाने प्रसिद्धी दिली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बॉम्बफेकी विमाने तेथून उडत, आणि १९८० च्या दशकात तेथे क्रूझ क्षेपणास्त्रे ठेवण्याच्या निर्णयाविरुद्ध शांतताप्रेमींनी तळ ठोकला होता. इंटरनेटवर हे नाव शोधणाऱ्याला आडनावाआधी विमानतळच भेटतो, ही सध्याची एक अडचण आहे.

आता भारताकडे येऊ. आपल्याकडे या आडनावाचे दोन माणसांमुळे नाव झाले. एक सर गिल्फर्ड मोल्सवर्थ, १८२८ ते १९२५, भारत सरकारचे रेल्वेविषयक सल्लागार अभियंता. त्यांचे सूत्रांचे खिशात मावणारे पुस्तक अभियंत्यांच्या अनेक पिढ्यांनी वापरले. त्यांचे वडील जॉन एडवर्ड नॅसो मोल्सवर्थ हे रॉचडेलचे धर्मगुरू होते आणि त्यांची परंपरा आयर्लंडच्या व्हायकाउंट घराण्याशी जोडलेली आहे.

दुसरे अर्थात कोशकार. १७९५ मध्ये जन्मलेले जेम्स टॉमस मोल्सवर्थ किशोरवयातच ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात आले, मराठीत रमले, आणि टॉमस व जॉर्ज या कँडी बंधूंच्या आणि मराठी शास्त्री मंडळींच्या साहाय्याने त्यांनी १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. १८५७ मध्ये त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती निघाली, आणि तीच आजही आपण वापरतो. कोशाच्या दोन आवृत्त्यांची मुखपृष्ठे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. १८३१ च्या आवृत्तीत आपल्या भाषेचे नाव रोमन लिपीत ‘मुराठी’ असे वाचले जाईल अशा रीतीने लिहिले आहे, कारण त्या काळी इंग्रज आपला ‘अ’ ‘यू’ या अक्षराने दाखवीत आणि ‘ई’ दोन ‘ई’ जोडून. १८५७ मध्ये तेथे आजचे परिचित लेखन आले. एकाच माणसाच्या एकाच ग्रंथावर सव्वीस वर्षांत भाषेच्या नावाचे लेखन बदलले. मग सहाशे वर्षांत आडनावाचे लेखन बदलले, याचे आश्चर्य कशाला? आपल्या लोकांनीही या नावाला आपल्या जिभेवर घोळवून घेतले आणि त्या विद्वानाला ‘मोलेसरशास्त्री’ म्हटले. ‘व’ गळाला, शेवटचा ‘थ’ गेला, आणि शास्त्री ही पदवी लागली. मराठी छापील मजकुरात मोल्सवर्थ, मोलस्वर्थ, मोलवर्थ अशी तिन्ही रूपे सापडतात, तेव्हा जुन्या मराठी नियतकालिकांत शोध घेणाऱ्याने तिन्ही घालून पाहावीत.

आता तिसरा प्रश्न: हे सगळे एकच घराणे काय? पेंकॅरोची आणि आयर्लंडची शाखा एका मुळाची मानली जाते आणि दोघींची ढाल सारखी आहे. परंतु केवळ आडनाव जुळले म्हणून कोणाही तिसऱ्याला त्यांच्या झाडावर चढविता येणार नाही. आपल्याकडचे सगळे पुणेकर एका कुळाचे नसतात, त्यांत वेगवेगळ्या जातींची माणसे असतात, हे आपण जाणतोच. मोल्सवर्थ गावातून दोन वेगवेगळी कुटुंबे दोन वेगवेगळ्या शतकांत बाहेर पडली असतील, तर दोघांनाही तेच नाव लागेल. आडनाव दुर्मीळ असले की एका मुळाची शक्यता वाढते, हे खरे आहे. पण शक्यतेला पुरावा म्हणता येत नाही. शिवाय नाव लग्नानेही येते: मुलांसाठी लिहिणाऱ्या ज्या श्रीमती मोल्सवर्थ एकोणिसाव्या शतकात गाजल्या, त्या माहेरच्या स्ट्युअर्ट होत्या.

म्हणून कोशकारांच्या कुळाचा शोध घ्यायचा तर तो उलट्या दिशेने, त्यांच्यापासून मागे, एकेक पिढी पक्की करीतच घ्यावा लागतो. वॉल्टरपासून खाली उतरत आल्यास वाटेत प्रत्येक फांदीवर मोह आहे. सुदैवाने कंपनीच्या नोकरीत आलेल्या माणसाचा शोध सामान्य इंग्रज शेतकऱ्याच्या शोधापेक्षा सोपा असतो. कॅडेट म्हणून भरती होणाऱ्या मुलाला बाप्तिस्म्याचा दाखला जोडावा लागे आणि कोणत्या संचालकाने त्याची शिफारस केली तेही अर्जावर नोंदविले जाई. हे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत. मुंबई इलाख्यातील युरोपियनांचे बाप्तिस्मे, विवाह आणि दफनविधी यांच्या नोंदींच्या नकलाही दरवर्षी लंडनला जात आणि त्याच दफ्तरात त्यांची मुंबईसाठी स्वतंत्र मालिका आहे. दाखल्यावरून जन्मगावचे चर्च कळले की तेथील नोंदवही उघडावी. इंग्लंडमध्ये अशा वह्या ठेवण्याचा हुकूम १५३८ मध्ये निघाला, तर जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली, त्यामुळे १७९५ च्या जन्मासाठी चर्चच्या वहीशिवाय दुसरा आधार नाही. तेथून मागे जाताना १७५२ ची खूणगाठ बांधावी: त्याआधी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून जुन्या वहीत फेब्रुवारी १७०० असे लिहिलेले मूल आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७०१ चे असते, आणि ही एक गोष्ट न पाहिल्याने थोरला भाऊ धाकटा होऊन वारसाहक्काची अख्खी साखळी उलटी लागते. वहीत बापाचे नाव मिळाले की त्याचे मृत्युपत्र शोधावे. मालमत्ता असलेल्या कुटुंबांची मृत्युपत्रे दक्षिण इंग्लंडात बहुधा कँटरबरीच्या वरिष्ठ धर्मन्यायालयात दाखल होत, ती आज इंग्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि त्यांत मुले, जावई, भाचे यांची नावे एका पानावर मिळतात. व्हायकाउंटांच्या किंवा पेंकॅरोच्या एखाद्या मृत्युपत्रात त्याच पित्याचे नाव नात्यासह आढळले, तर नाते ठरले. ते आढळेपर्यंत कोशकारांना लॉर्डांच्या घराण्यातले म्हणू नये, आणि मराठी लेखांत कोठे तसे बेधडक लिहिलेले दिसले तर लेखकाला हा दाखला मागावा.